मी बी पॉझिटिव्ह

"बाबा, तुमच्या अंगात चार उरलंय," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "चार काय?"

"हिमोग्लोबिन."

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला तो भाग, ज्याच्यानं रक्त लाल राहतं आणि अंगाला हवा पोचते. धडधाकट माणसाला तेरा-चौदा पाहिजे. माझं चार. डॉक्टर कागदाकडं पाहून म्हणाले, "इतक्यावर तुम्ही चालत आलात कसे?" मी म्हणालो, "पायानं." मला राग आला होता. सत्तर वर्षं कुणाच्या खांद्याला हात लावून चाललो नाही, ते ह्याला काय सांगायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचं म्हणजे तकलीफच. पण ज्याला ही बिमारी आहे आणि जो माझ्यासारखा लाजून बसला आहे, त्याच्यासाठी लिहून राहिलो.

मला मूळव्याध होती. दोन वर्षं रक्त पडत होतं. रानात जायचो, वरून माती लोटायचो, कोण पाहतं. बायकोलाही बोललो नाही. मग बांध चढताना धाप लागू लागली. ओल्या मातीचा वास आला की ती खावीशी वाटायची. एकदोनदा खाल्लीही. डॉक्टर म्हणाले, हे रक्त कमी झाल्याचंच लक्षण आहे. मी समजत होतो वय झालं. हळदीच्या निंदणीत चक्कर येऊन पडलो तेव्हा पुतण्या भारतनं जीपमध्ये घालून हिंगोलीला आणलं, भरती केलं आणि म्हशींच्या धारा काढायच्या म्हणून परत गेला. रिपोर्ट त्याच्या मागून आला.

ते साल स्वाइन फ्लूचं. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ तेच, आज इतके पॉझिटिव्ह, उद्या तितके. लोक तोंडाला रुमाल बांधून आणि कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगत फिरत होते. आमच्या शेजारच्या गावात पुण्याहून आलेलं एक पोरगं पॉझिटिव्ह निघाल्याची बोलवा होती. पॉझिटिव्ह म्हणजे गेला, एवढंच इंग्रजी आमच्या गावाला येत होतं.

मला तो रोग नव्हता. तरी त्या रोगानं माझं रक्त अडवलं.

डॉक्टर म्हणाले, दोन पिशव्या चढवाव्या लागतील, सावकाश, वय आहे, हृदयावर भार नको. मूळव्याधीचं ऑपरेशन पुढं. मग रक्तपेढीचा माणूस आला. म्हणाला, "आजोबा, तुमचा ग्रुप बी पॉझिटिव्ह. काळजी नको, सगळ्यात जास्त सापडणारा ग्रुप आहे."

"मग आणा."

"फ्रिजमध्ये नाही ना. कॉलेजं बंद, शिबिरं बंद. गर्दी करू नका असा हुकूम आहे. दोनच पिशव्या आहेत, त्या बाळंतिणींसाठी राखून ठेवल्यात. तुम्ही बदली माणसं दिलीत, तरच त्या सोडता येतील."

बदली माणूस म्हणजे तुमच्याकडच्यानं रक्तपेढीत रक्त द्यायचं आणि तिथलं दुसरं तुम्हाला मिळायचं. कोणत्याही ग्रुपचा माणूस चालतो. दोन पाहिजेत, पण एखादा नापास होतो म्हणून चार बोलवा, असं तो म्हणाला.

मला हसू आलं. चारच? माझ्या गावात हाक मारली तर चाळीस येतील. मी कुणाच्या मयतीला गेलो नाही असं झालं नाही.

शेजारच्या खाटेवाल्याच्या मोबाइलवरून भारतला फोन लावला. आता इथं माझी चूक ऐका. रक्त पाहिजे असं मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर, काका, रक्त कुठून गेलं, असं त्यानं विचारलं असतं. वॉर्डात वीस माणसं ऐकत होती. म्हणून मी एवढंच बोललो, "भारत, रिपोर्ट आला. मी बी पॉझिटिव्ह हाय. चार मानसं घेऊन ये, लवकर." आणि ठेवून दिला.

त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन लावला तर बंद. डॉक्टर सकाळी आले, संध्याकाळी आले. "बाबा, माणसं कुठंयत?" येतील, म्हणालो. खाटेवरून उठून बसलो तरी कानात गिरणी सुरू झाल्यासारखं व्हायचं. दारात चपलांचा आवाज झाला की मी मान वळवायचो. ज्यांना ज्यांना खांदा दिला त्यांची नावं मनात घेऊन शिव्या देत पडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. बसणारा डॉक्टर मला आवडला नाही. म्हणाले, "आज रक्त चढलं पाहिजे. हृदय थकलंय. उद्याचं मी सांगू शकत नाही."

दुपारच्या आत माझी लेक सुमन आली. कळमनुरीला दिली आहे. तोंडाला पदर घट्ट बांधलेला, मागं जावई, माधव. ट्रॅक्टर चालवतो, बोलतो कमी. सुमन नर्सला विचारत होती, "पॉझिटिव्हवाले कुठं ठेवलेत?" मी खाटेवरून हाक मारली तर दचकली.

"बा, तुमी इकडं? तुमाला तर तेच झालं ना?"

"काय झालं?"

"माय फोनवर रडून राहिली. म्हने, त्या पोरासारखा तुजा बा बी पॉझिटिव्ह निघाला, चार मानसं बोलावून राहिला."

नर्स म्हणाली, "अहो, स्वाइन फ्लू नाही त्यांना. ब्लड ग्रुप आहे तो. बी पॉझिटिव्ह."

सुमननं मला विचारलं, "फोनवर काय म्हनले तुमी, बराबर सांगा." मी बराबर सांगितलं. ती स्टुलावर बसली, पदर तोंडात कोंबून हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मी बी पॉझिटिव्ह म्हनल्यावर मानसानं काय समजावं, बा? अन् वरून चार मानसं. चार मानसं कशाला लागतेत?"

तेव्हा मला कळलं. गाव माझी तिरडी बांधायच्या गोष्टी करत होतं आणि तीही कोण उचलणार म्हणून अडलं होतं. सुमननं पुढं सांगितलं, मायला हातपंपावर येऊ देत नाहीत. आमच्या घरचं दूध डेअरीवाल्यानं परत केलं. मी उठून बसलो. नर्सनं दाबून निजवलं.

आधी सुमन रक्त द्यायला गेली. बोटाला टोचून तिच्या रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब बुडाला तर रक्त चांगलं. तिचा तरंगला. रक्तपेढीवाला म्हणाला, "ताई, तुमच्यातच कमी आहे, तुम्हीच गोळ्या घ्या." लेक वाळून चालली हे मला तिच्या लग्नानंतरच्या दहा वर्षांत दिसलं नव्हतं. मी तिला जेवलीस का असं कधी विचारलं होतं, ते आठवत बसलो. आठवलं नाही.

मग माधव बाही वर करू लागला. मी म्हणालो, "न्हाई." आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. जावयाला द्यायचं असतं, त्याचं घ्यायचं नसतं. मी हा नेम कधी मोडला नव्हता.

सुमन म्हणाली, "नेम पान्याचा हाय. रक्ताचा कोनी सांगितला?"

"मरन आलं तर येऊ दे."

माधव म्हणाला, "मामा, माझं रक्त तुमाला देतच न्हाईत. ते फ्रिजात जाते. तुमाला कोनाचं बी येते."

"बघा, आला परत बी," सुमन म्हणाली.

माधवनं रक्त दिलं, त्याच्या बदली राखीवमधली एक पिशवी मिळाली. दुसरीसाठी सुमन खिडकीशी जाऊन एवढी भांडली, की तीही बदलीशिवाय सोडावी लागली. आधी क्रॉसमॅच केलं, म्हणजे माझं रक्त आणि पिशवीतलं रक्त एकमेकांशी भांडत नाही ना ते पाहिलं. पहिला पाव तास नर्स खाटेजवळून हलली नाही. पिशवीवर नाव नव्हतं, नंबर होता. कुणाचं हाय, विचारलं. "ते सांगत नाहीत, आजोबा." तो जो कुणी असेल, त्यानं हे रक्त कोणाला जाणार असं विचारलं नव्हतं. त्याला मी हात जोडतो. दुसऱ्या दिवशी दुसरी पिशवी लागली आणि कानातली गिरणी थांबली. महिन्याभरानं ऑपरेशन झालं. आता रक्त पडत नाही.

ज्यांना माझ्यासारखी तकलीफ आहे त्यांनी लपवू नये. घरात सांगावं, लाज एका दिवसाची असते. आणि फोनवर सरळ म्हणावं, मला रक्त पाहिजे, रक्त द्यायला या. ग्रुपचं इंग्रजी डॉक्टरला बोलू द्या.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी भारत नारळ घेऊन आला. मागं सात-आठ जण. भारत म्हणाला, "काका, गैरसमज झाला. आमाला वाटलं तुमाला ती बिमारी हाय."

"अन् असती तर?"

मागून एक जण म्हणाला, "झालं ते झालं आता, आबा."

"झालं न्हाई. असती तर काय केलं असतं, ते सांग."

भारतनं हातातला नारळ पुढं केला. मग म्हणाला, "लेकरं लहान हायत, काका."

खोटं बोलला नाही. मी नारळ घेतला, पण त्याला बस म्हणालो नाही. अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. लोक म्हणतात, म्हातारा अडेल आहे. असू दे. सुमनचीही दोन लेकरं लहान होती. त्यांना सासूजवळ ठेवून, मला तीच बिमारी आहे असं समजून, ती कळमनुरीहून एसटीत बसली होती.