तीन कड्यांचं दार

सुभेदारांच्या घरी जो मरेल त्यानं चहा करायचा, असा दंडक होता. मरायचं अर्थात खेळात. पट्टी मात्र खरीच बांधली जाई. खेळातल्या भुयारात कुणाच्या दंडाला बाण लागला की सुभेदार उठून फडताळातून लांब बँडेज काढत, हात व्यवस्थित गळ्यात अडकवून देत आणि म्हणत, "आता ऱ्हायलेला डाव डाव्या हातानं." एकदा मी तशीच गळ्यात हात घेऊन घरी गेले, तर आई रडायचीच बाकी राहिली. खेळात लागलंय हे तिला पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. कसल्या खेळात, ते तर तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुभेदार फौजी इस्पितळात नर्सिंग असिस्टंट होते. तिथं एक लेफ्टनंट पाय प्लास्टरात घालून तीन महिने पडून होता. परदेशातल्या भावानं त्याला एक खोका धाडला होता: दोन पातळ पुस्तकं आणि विचित्र आकाराचे फासे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि नशिबावर सोडायचं तेवढंच फाशावर सोडायचं, असा तो खेळ. साहेबाला भिडू हवा होता आणि ड्युटीवरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. पाय बरा झाल्यावर साहेब तो खोका सुभेदारांनाच देऊन गेला. पेन्शनीत साताऱ्याला आल्यावर सुभेदारांनी पुस्तकातला सगळा राक्षसांचा मुलूख उचलून पाटणच्या वरच्या डोंगरात आणून बसवला. ड्रॅगनला ते 'उडती घोरपड' म्हणत. वीस बाजूंच्या फाशावरचे आकडे पुसट झाले की काकूंच्या करंड्यातलं कुंकू त्यांत भरत. त्यामुळे रविवारी दुपारी उठून घरी जाताना आमची सगळ्यांची बोटं लाल असत.

आम्ही म्हणजे तिघं. शिरीष एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. दत्ता कोरेगावचा, घरची आल्याची शेती, डोक्यात फौजेची भरती. आणि मी सुभेदारांच्या शेजारची, बी.एस्सी. होऊन एका शाळेत तात्पुरती शिकवणारी.

गोष्ट सुभेदार सांगत, आणि तीत दार आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "हात कुठं हाय तुझा?" नुसतं 'दार उघडतो' म्हणून भागत नसे. हात कडीवर आहे, चौकटीवर आहे की खिशात आहे, हे सांगावं लागे. कडीवर असेल तर सुई टोचू शकते. चौकटीवर असेल तर बोटं चेमटू शकतात. शिरीषला घाई फार, त्यामुळे चहा बहुतेक तोच करी. "काका, असं कोणत्या नियमात लिहिलंय?" तो वैतागायचा. "नेमात न्हाई लिवलं," सुभेदार म्हणत. "पण तुला हात हायत का न्हाई? मग ते कुठंतरी असणारच की."

पाच वर्षं आम्ही त्या भुयारात उतरत होतो. एका रविवारी तळाशी पोचलो, तर समोर एक लोखंडी दार. त्याला तीन कड्या, एकमेकींपासून लांब लांब. तिघांनी एकदम ओढल्या तरच उघडणार. दत्ता खुर्चीतून पुढं सरकला. "आत काय हाय वो काका?" सुभेदारांनी फासे खोक्यात टाकले आणि म्हणाले, "फुडच्या रविवारी."

पुढच्या रविवारी शिरीष नवं पुस्तक घेऊन आला. त्याच्या मेहुण्यानं परदेशातून आणलेलं, चकचकीत, एका हातात न पेलणारं. त्यात प्रत्येक गोष्टीला नियम होता. पोहण्याचा, चढण्याचा, घोडं विकत घेताना घासाघीस करण्याचासुद्धा. सुभेदारांनी ते हातावर तोललं. "आमच्या हॉस्पिटलात औशधांचं पुस्तक एवढं नव्हतं," ते म्हणाले.

"दोनच रविवार बघू काका. मग आपलं दार आहेच," शिरीष म्हणाला.

त्या दिवशी गोष्ट सांगायला शिरीष बसला आणि लेफ्टनंटनंतर पहिल्यांदाच सुभेदार आमच्या बाजूला येऊन खेळायला बसले. त्यांनी चष्मा पुसला, आपल्या पात्राची कसबं लिहिलेला कागद सरळ केला.

"पुढं बंद दार आहे," शिरीषनं सांगितलं.

सुभेदार सरसावले. "आदी मी काठीनं जमीन ठोकतो. मग वाकून दाराखालनं वारं येतंय का बघतो. दोनी हात मागं बांधल्यात."

"एवढं सांगायची गरज नाही काका. सापळे शोधायचं कसब तुमच्या कागदावर आहे ना? फासा टाका."

त्यांनी टाकला. सतरा पडले.

"सापडला सापळा. आणि निकामीही झाला."

"कसला हुता?"

शिरीषनं पानं चाळली. "ते दिलेलं नाही."

"न्हाई, पण सुई हुती का फरशी हुती? मी काढला कसा त्यो?"

"काढला काका. पुढं चला."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कागदाकडे पाहिलं.

आज एवढ्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही: मला नवं पुस्तक आवडलं होतं. खेळातल्या माझ्या जादूगारणीला काय येतं ते कागदावर लिहिलेलं होतं. ते कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं, कुणाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती. घरीदारी सगळीकडे पटवून देऊन मी थकले होते. म्हणून त्या दिवशी मी मूग गिळून बसले. दोनाचे चार रविवार झाले, चाराचे दहा, आणि दाराचं नाव कुणी काढलं नाही.

सुभेदार मात्र रुसले नाहीत. रुसले असते तर बरं झालं असतं, समजूत तरी काढता आली असती. उलट त्यांनी शिरीषकडून ते पुस्तक मागून नेलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि रोज सकाळी डिक्शनरी घेऊन ओट्यावर वाचत बसायला लागले. काकू म्हणायच्या, "परीक्षेला बसतायसा का काय?" महिन्याभरानं त्यांनी ते मिटलं. "वाईट न्हाई गं पोरी," मला म्हणाले. "हुशार माणसानं लिवलंय. समदं हाय ह्यात. फकस्त मी काय करायचं, तेवढं सापडंना."

पुढं शिरीष बंगळूरला गेला, दत्ता भरती झाला, मी लग्न होऊन सांगलीला आले. पुस्तक नवं की जुनं हा प्रश्नच उरला नाही.

वर्षभरानं सुभेदारांना मिरजेच्या एका दवाखान्यात आणलं. पोटाचं दुखणं होतं आणि डॉक्टर काकूंशी हळू आवाजात बोलत होते. मी रोज सांगलीहून डबा घेऊन जाई. एक दिवस धीर करून विचारलं, "काका, त्या दाराच्या आत काय होतं?"

"मला काय म्हाईत?" ते म्हणाले. "तुमी उघडलं असतं तर मलाबी कळलं असतं."

मला वाटायचं, त्यांच्या खेळाच्या टिपणवहीत कुठंतरी ते लिहिलेलं असेल. ते कुठंच नव्हतं. आम्ही हात कुठं ठेवू, काय बोलू, कशाला घाबरू, त्यावरून ते तिथल्या तिथं घडायचं होतं.

"मग आत्ता उघडते," मी म्हटलं.

ते उशीवर जरा वर सरकले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर तजेला आला. "कितीजण हायसा?"

"मी एकटीच."

"मग कसं उघडंल? कड्या तीन हायत."

"काका, एवढा नियम सोडा की आता."

"असं कसं?" ते म्हणाले. "दार तसं हाय त्याला मी काय करू?" नियम पाळत नाही म्हणून शिरीष ज्यांच्याशी पाच वर्षं भांडला, ते हे सुभेदार.

मी एसटीडी बूथवरून शिरीषला फोन केला. "दिवाळीला नक्की येतो," तो म्हणाला. दत्ताला पत्र टाकलं. तो रजा काढून आला, ट्रंक घेऊन स्टेशनवरून थेट दवाखान्यात. सुभेदारांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बोटं मोजली. "दोन कड्या झाल्या. धरून ऱ्हावा." रोज संध्याकाळी विचारत, "आला का गं त्यो?" मी म्हणे, "येतोय." दत्ताची रजा संपली. दसऱ्याच्या आधी सुभेदार गेले.

दिवाळीत शिरीष आला, दत्ताही कशीबशी सुट्टी मिळवून आला. आम्ही साताऱ्याला काकूंना भेटायला गेलो. त्यांनी खोका काढून टेबलावर ठेवला. आम्ही आपापल्या जुन्या जागी बसलो. तिघंही होतो. दत्तानं फासा हातात घेतला, त्याची बोटं लाल झाली.

"तू सांग," शिरीष मला म्हणाला. "आपण तिघांनी कड्या ओढल्यात."

मी चौथ्या खुर्चीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. हात कुठं आहेत, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

मग शिरीष उठला आणि चहा ठेवायला आत गेला.