मधे उभे राहणारे नाना

कुठं भांडण लागलं की हवालदार नाना जाऊन मधे उभे राहायचे. बोलायचे काही नाही. हात मागे बांधायचे, कुणाच्याच तोंडाकडं बघायचे नाहीत, आणि नुसते उभे. आमचं गाव धरणगावच्या रस्त्याला. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात हापशावर दोन बायका हंड्याच्या नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या, आणि हा उंच म्हातारा मधे येऊन खांबासारखा उभा राहिला. एकजण ओरडली, "नाना, तुम्ही कोनाकडथून शेतस ते सांगा पहिले!"

नाना म्हणाले, "मी हापसाकडथून शे."

हापशाच्या बाजूनं! सगळ्या हसल्या. मीही पदरात तोंड घालून हसले. तेव्हा त्यांनी मला पाहिलं. "ही फौजीनी बायको का? हास पोरी, हास."

ते स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. जवानीत त्यांना निळी टोपी देऊन लांब परदेशात, वाळवंटातल्या एका हद्दीवर ठेवलं होतं. दोन देश भांडत होते आणि जगातल्या देशांनी मिळून मधे फौज ठेवली होती, त्यात आपले लोक. लढायचं नाही, फक्त मधे राहायचं. नाना सांगायचे, "हद्द म्हंजे बांध शे, पोरी. बांधवर उभा ऱ्हास तो दोन्ही वावरले परका." आणि पुढचं सांगताना त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा. "मंग एक दिन हुकूम उना, निंघा. आम्ही निंघनूत. गाडीमाईन मांगे दखं ते धूर. आम्ही मधमा व्हतूत तोपर्यंत कोनी मरं नही." गाडीतून मागं वळून पाहिलेल्या त्या धुरापाशी आले की ते थांबायचे. त्यापुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, मला भीती वाटायची.

मग आमच्या ह्यांना तसल्याच कामावर पाठवलं. दुसरा देश, दुसरी हद्द, टोपी तीच. मला सातवा महिना होता. सहा महिन्यांचं काम आहे म्हणाले आणि गेले. मी रडत होते, सासूबाई रडत होत्या, आणि नाना एकटे छाती काढून उभे. मला त्यांचा राग आला होता. पण एरंडोलला दवाखान्यात मी अडले तेव्हा तोच माणूस बाहेर व्हरांड्यात दिवसभर उभा होता, बाकावर बसला नाही, आणि मुलगी झाली म्हटल्यावर नर्सबाईला म्हणाला, "मायले दखा पहिले, पोरले मंग."

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, अक्षर लावून लावून. पण लिहायला बसले की मनातलं पुढं पळतं आणि हात मागं राहतो. म्हणून ह्यांना पत्रं नाना लिहायचे. आधी सगळं विचारून घ्यायचे, पोरगी कुशीवर वळली का, म्हैस व्याली का, तुझा खोकला गेला का. बोलायचे अहिराणी आणि लिहायचे शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. वाचून दाखवलं की मला वाटायचं, हे मी म्हणाले? केवढी शहाणी वाटते मी.

सहा महिने भरत आले आणि ह्यांचं पत्र आलं. नानांनी ओट्यावर बसून वाचलं. तिथलं काम अजून सहा महिने वाढवलं होतं. साहेबांनी नावं मागितली होती, ज्याला परत जायचं त्याच्या जागी दुसरा येणार, ज्याला थांबायचं तो थांबेल. खाली लिहिलं होतं, तू म्हणशील तसं करतो.

मी एका दमात बोलले. "लिहा नाना, या म्हणून लिहा, पहिल्या गाडीनं या म्हणावं, पोरगी चार महिन्यांची झाली तिनं बापाचं तोंड पाहिलं नाही, दारात मोटार थांबली तरी मी पोरीला घेऊन आत पळते, मला नाही जमत, असं लिहा, नाही जमत."

नानांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग कागद माझ्यापुढं धरला, "वाची ले."

त्या दिवशी त्यांनी वाचून दाखवलं नाही. पोरीनं मांडीवर घाण केली होती, ती किंचाळत होती. मी एका हातानं तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं खाली सही केली. शोभा.

हे आले नाहीत. मला वाटलं साहेबांनी सोडलं नसेल. तिसऱ्या महिन्यात फौजेची जीप आली. त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला होता.

आधी ते आले, तिरंग्यात, मग महिन्यानं त्यांची पेटी आली. कपडे, टोपी, दाढीचं सामान, पत्रांचा गठ्ठा. सगळ्यात वरचं पत्र मी उघडलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. 'आपण माझी चिंता करू नये. तिथे आपली गरज आहे, तर खुशाल थांबावे. मी व बाळ आनंदात आहोत. एका सैनिकाची पत्नी आहे, मी भीत नाही.' खाली माझी सही.

मी तशीच, अनवाणी, नानांच्या घरी गेले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, दाणे निवडत होत्या, उठून आत गेल्या. मी कागद पुढं केला. "नाना, मी हे सांगितलं होतं?"

त्यांनी कागद हातात घेतला नाही. "नही."

"मग?"

"तो निंघता ते जागा खाली पडती, पोरी."

"रिकामी कशी? दुसरा येणार होता ना! पत्रात लिहिलं होतं, तुम्हीच वाचलं होतं, दुसरा येणार होता!"

ते हळू म्हणाले, "मले आजून तो धूर दिखस." आणि पुढं, "मी तुले वाची ले म्हनं व्हतं."

म्हणाले होते. खरंच म्हणाले होते. मला वाचता येत होतं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते घराबाहेर पडेनात. एकदा अक्का आल्या, दारातूनच म्हणाल्या, "शोभा, त्यास्नी खानं सोडं. एकडाव ये वं माय. बोलू नको, नुसती ये." मी पोरीला पाजत होते, मान वर केली नाही. पुढच्या आठवड्यात नाना गेले. सासूबाई मयताला गेल्या, सगळी गल्ली गेली. मी घरात बसून राहिले आणि पाहिलं तर मी रडत होते, त्यांच्यासाठी की कुणासाठी ते कळेना. माझ्या बापानंही मला कधी हास म्हटलं नव्हतं.

आता पेन्शनचा कागद आला तरी सही करायच्या आधी एक एक अक्षर लावते, कारकून ओरडतात. ओरडू दे.

पण ते पत्र. त्याच्या घड्या फाटायला आल्या आहेत, कडांना बोटांचे डाग आहेत. ह्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं असणार, खिशात ठेवलं असणार. त्यांना वाटलं असेल, शोभा अशी आहे, भीत नाही. शेवटच्या दिवशी गाडीत बसताना त्यांच्या मनात घरची कुणी आली असेल तर ती नानांनी लिहिलेली बाई. मी इथं ओट्यावर पोरीला घेऊन भीत बसले होते, ते त्यांना कुणी कळवलंच नाही.