गाळून घेतलेलं पाणी

लग्नानंतर पाचव्या महिन्यात ह्यांची बदली धारहून मनावर नावाच्या गावी, सरकारी शाळेत झाली. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. निघताना सासूबाईंनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, पिण्याचं पाणी सोवळ्यात भरायचं. ते मी पाळलं. सकाळी आंघोळ करून ओलेत्यानंच गल्लीच्या टोकाच्या बावडीवर जायचं, पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि तांब्याची घागर भरून आणायची. घागर मी चिंचेनं अशी घासत असे की तिच्यात तोंड दिसावं. आमच्यासारखं शुद्ध पाणी गल्लीत कुणाच्याच घरी नाही, असं मला मनापासून वाटे.

शेजारच्या घरात एक वयस्क जैन बाई राहत. सगळी गल्ली त्यांना बाईजी म्हणे. त्याही बावडीचंच पाणी भरत, पण पाण्यात पाय घालत नसत. कोरड्या पायरीवर बसून दोरीनं लोटा सोडायचा, आणि घागरीच्या तोंडावर जाड खादीचं दुहेरी फडकं धरून त्यातून पाणी ओतायचं. मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि ते धुवण लोट्यातून हळूच परत बावडीत सोडायचं. एवढ्यात माझ्या दोन खेपा होत. आंघोळ न करताच पाणी भरतात आणि वर हा सोहळा, असं मनात येई. बोलले मात्र कधी नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात ह्यांच्या घोट्याजवळ एक फोड आला. आग अशी की शाळेत खुर्चीवर बसवेना. तिसऱ्या दिवशी फोड फुटला आणि आतून पांढऱ्या सुतासारखं काहीतरी डोकावलं. गल्लीतल्या बायकांनी लांबूनच ओळखलं. नारू. पायातून निघणारा हातभर लांब जंत.

बावडीत, पाण्याच्या अगदी काठाशी, एका कोनाड्यात माता होती. बायका म्हणाल्या, "माता की सीढ़ी पे पाँव डुबोओ, ठंडक पड़ जाएगी." मी ह्यांना खांद्याला धरून पायऱ्या उतरवलं. पाय पाण्यात गेला आणि ह्यांनी डोळे मिटले. "थांबली गं आग," म्हणाले. मी तिथंच मातेला नवस बोलले, नारू न तुटता अख्खा निघू दे, खणानारळानं ओटी भरीन. तीन दिवस मी त्यांना तिथं नेलं.

नारू काढायला न्हावीण येई. ती त्या सुताचं टोक एका बारीक काडीला गुंडाळून ठेवी आणि रोज बोटभर, कधी त्याहूनही कमी, काडी फिरवी. ओढलं तर तुटतो, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने उठत नाही. एकदा हे वैतागून म्हणाले, "आज जरा जास्त ओढ की." तिनं मान वर केली नाही. "नी मासाब," ती म्हणाली; मास्तरसाहेबांना गल्लीत सगळे मासाबच म्हणत. "वो अपनी मर्जी से आएगा." माणसाच्या देहात एवढं काही मुकाट राहू शकतं आणि एक बाई ते नुसत्या धीरानं बाहेर काढू शकते, हे बघताना मी काडीवरून नजर हलवत नसे.

हे अंथरुणावरच होते तेव्हा सरकारी दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर गल्लीत आले. त्यांना नारूची घरं मोजायची होती. ह्यांनी मास्तराच्या सवयीनं त्यांनाच प्रश्न घातला. "डॉक्टर, सगळी गल्ली एकाच बावडीचं पाणी पिते. घराघरात नारू आहे. मग शेजारी बाईजींकडे आजवर एकालाही का नाही?"

डॉक्टरांनी हातातली वही मिटली. मग मला म्हणाले, "मला त्यांच्याकडे घेऊन चला."

बाईजी पाणी भरायलाच निघाल्या होत्या. आम्ही त्यांच्यामागून बावडीवर गेलो. डॉक्टरांनी काचेच्या पेल्यात बावडीचं पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि माझ्या हातात भिंग दिलं. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. "नारूचं बीज यांच्या पोटात असतं," डॉक्टर म्हणाले. "पाण्याबरोबर हे पोटात जातात, आणि वर्षभरानं नारू पायातून निघतो." मग त्यांनी बाईजींच्या घागरीतलं गाळलेलं पाणी पेल्यात घेतलं. मी पुन्हा भिंग लावलं. काही नाही. कितीतरी वेळ बघितलं, तरी काही नाही. फडक्याचं धुवण बघितलं, तर ते ठिपक्यांनी गजबजलेलं.

वर्षभर मी सोवळ्यानं काय भरून आणत होते, ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी बाईजींना विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? नारूपासून वाचायला गाळता ना?"

बाईजींना प्रश्नच कळला नाही. "नारू से?" त्या म्हणाल्या. "नी भिया. पानी में जीव है. हमारे पेट में जाके मर जाएगा, पाप लगेगा. उसको बचाने वास्ते छानते हैं."

डॉक्टरांनी हातातला पेला पुन्हा उन्हात धरला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या जिवाला जपलं, त्यांच्या अंगाला त्याची बाधा झाली नव्हती, आणि त्यांनी कधी भिंग पाहिलेलंही नव्हतं.

डॉक्टरांनी एवढंच सुचवलं की धुवण बावडीत न सोडता जमिनीवर ओतावं. बाईजींनी साफ नकार दिला. "जहाँ का जीव, वहीं जाएगा." डॉक्टरांनी थोडा विचार केला. म्हणाले, "ठीक आहे, ते तिथलेच आहेत. खरं भय पायांचं. नारूचा पाय पाण्यात गेला की नारू पाण्यात आपलं बीज सोडतो."

मी बावडीतल्या मातेकडे पाहिलं. तीन दिवस मीच ह्यांना तिथं आणलं होतं.

डॉक्टर लोकांना समजावून थकले. मातेच्या पायरीवर पाय घालू नका म्हटलं की लोक तोंड फिरवत. शेवटी बाईजीच रोज सकाळी वरच्या पायरीवर बसू लागल्या. नारूचा पाय पाण्यातल्या जिवांना दुखवतो, असं त्या सांगत. कुणी लंगडत आलं की "ऊपर बैठो" म्हणत आणि सुनेकडून त्याला पाणी काढून देववत. डॉक्टरांनी ते ऐकलं, पण खोडून काढलं नाही. मी बाईजींकडून खादीचं फडकं मागून आणलं आणि सोवळ्यातच, पण कोरड्या पायरीवर बसून, पाणी गाळायला शिकले. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या पोटरीला नारू निघाला, आधीच्या पाण्याचा. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरी कुणालाच नाही.

पण मला सांगायचंय ते ह्यांना नारू झाला त्याच वर्षीच्या भाद्रपदातलं. पजूसण, म्हणजे पर्युषण, संपल्यावर जैन घरांतली माणसं दारोदार जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. बाईजी आमच्या दारात आल्या, वयानं माझ्या दुपटीहून मोठ्या, आणि हात जोडून म्हणाल्या, "लाडी, साल भर में कुछ बुरा लगा हो तो खमत खामणा." लाडी म्हणजे इथल्या बोलीत सूनबाई.

मी म्हणाले, "बाईजी, माफी तर मी मागायची. ह्यांचा पाय पाण्यात मीच बुडवला होता. तीन दिवस."

"मैंने देखा था," त्या म्हणाल्या. "मासाब को जलन बहुत थी. इसलिए कुछ बोली नी."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तो धरून मला उठवलं, आत येऊन ह्यांच्या पायाची खूण नीट बघितली, आणि पुढच्या दाराकडे गेल्या.