मोडता येईल असं बांधा

आमचा शेवटचा चहा आम्ही खोट्या स्वयंपाकघरात बसून प्यायलो. खेळ संपला होता, पोरं कॅन्टीनला गेली होती. सर ओट्यावर बसले, बशीत चहा ओतला, फुंकर घातली. दुसऱ्या हाताचा अंगठा मात्र मांडणीच्या फळीवरून फिरत होता. ती त्यांची सवय. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर हसला असता. कुठेही ताजं लाकडी काम दिसलं की आधी अंगठा फिरवणार, मग बोलणार. खिळ्यांची डोकी शोधायचे ते.

सर युनिव्हर्सिटीत नाटकाच्या एम.ए.च्या मुलांना नेपथ्य शिकवायचे. मी तिथला सुतार. शिक्षण चौथीपर्यंत, तेही निजामाच्या काळातल्या उर्दूत. सर वर्गात काय सांगतात ते मला कधी पुरतं कळलं नाही आणि मी कळल्याचा आवही आणला नाही.

पहिल्याच दिवशी भांडण. मी घरांची कामं केलेला माणूस. चौकट बसवली तर नातवापर्यंत हलू नये, एवढंच मला ठाऊक. सरांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्री, मोडता येईल असं बांधा."

"मोडायचंच आहे तर बांधायचं कायकू?"

"खेळ झाला की दुसऱ्या सकाळी रंगमंच मोकळा पाहिजे. दुसऱ्या कोणाचं नाटक यायचं असतं. खिळा पुरता मारू नका. डोकं वर राहू द्या, पकडीत येईल एवढं."

मला पटलं नाही. पण तसं करत गेलो आणि हाताला सवय लागली.

पुढे दिवस बदलले. घराघरावर केबलच्या तारा आल्या. चिक्कडपल्लीत ज्या गल्लीत बघावं तिथे कम्प्युटरचा क्लास. नाटकाला कोण येतंय? नेपथ्याला मोजकी पोरं उरली. तेव्हा सरांनी नवं खूळ काढलं. नेपथ्याच्या पोरांनी एकट्याने काही करायचं नाही, दुसऱ्या खात्यातली पोरं जोडीला घ्यायची. मग काय विचारता! फिजिक्सचा पोरगा भिंतींना टाळ्या वाजवून आवाज तपासतोय. होमसायन्सची मुलगी मंचावर कांदा परततेय. बॉटनीवाला कुंड्या आणून ठेवतोय, त्यांना पाणी कोणी घालायचं, तर मी. शेजारच्या खात्यातले एक प्राध्यापक दारातून डोकावून म्हणाले, "हा नेपथ्याचा वर्ग आहे की भाजीबाजार?"

"भिंत नुसती दिसते का हो? तिला वास असतो, आवाज असतो," सर म्हणाले. "या, बसा आत."

ते काही बसले नाहीत.

हे खूळ निघालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझी बायको गेली होती. अंबरपेठेत आमचं भाड्याचं घर. ती गेल्यावर स्वयंपाकघरातलं मी काहीच हलवलं नव्हतं. डबे तिने ठेवले तसेच. मग मालकाने जागा बिल्डरला दिली. घर पाडून तिथे अपार्टमेंट होणार. सामान काढायला रजा हवी होती, म्हणून सरांकडे गेलो. त्यांनी अर्जावर सही केली. मग म्हणाले, "पाडायच्या आधी पोरांना तुमचं स्वयंपाकघर बघू द्याल? यंदाच्या परीक्षेला तेच उभं करू."

"तमाशा आहे का माझ्या घरात?"

"नाही म्हणालात तर नाही. विषय संपला."

घरी येऊन तिच्या पाटावर बसलो. ती असती तर म्हणाली असती, येऊ द्या, पण उपाशी जाऊ देऊ नका. म्हटलं, येऊ दे.

पोरं आली. नेपथ्याच्या मुलीने ओटा मापला आणि फिजिक्सच्या पोराला दाखवला. तो जुन्या शहरातला. मला म्हणाला, "चाचा, इतना नीचा कायकू बनाए?"

"वो ठिंगनी थी," मी म्हणालो.

मग त्याने दाराची कुरकुर टेप केली. "सुतार के घर का दरवाजा रोता, चाचा?"

त्याला काय सांगू? तेलाची बाटली मी कितीदा काढली, बायकोच घालू देत नसे. म्हणायची, "राहू द्या हो. तुम्ही आलात ते चुलीपाशी कळतं."

घर पाडलं. तिथे खड्डा झाला. मग मी मंचावर तेच स्वयंपाकघर उभं केलं, मांडणी, ओटा, खिडकी, दार. कोणाला हात लावू दिला नाही.

खेळात नट नव्हतेच. खिडकीतून सकाळचं ऊन येतं, सरकत ओट्यावर जातं. कुंडीतल्या करेपाकाची, म्हणजे कढीपत्त्याची, फोडणी पडते. पडद्यामागून भाकरीचा वास येतो. संध्याकाळ होते. बस, एवढंच. बाहेरगावचे परीक्षक कंटाळून सरांना म्हणाले, "ती बाई कधी येणार?"

"आपण तिचीच वाट बघतोय," सर म्हणाले. "बसा."

मी विंगेत उभा होतो. दार कुरकुरलं आणि माझा हात चपला काढायला खाली गेला.

तर तो चहा. सरांचा अंगठा फळीवरून फिरला, मग ओट्याच्या कडेवरून, मग दाराच्या चौकटीवरून. परत येऊन बसले.

"मिस्त्री, डोकी लागत नाहीत."

"हौ."

"एकाही खिळ्याचं नाही."

"मारताना हात पुरता गेला," मी म्हणालो.

रागावले नाहीत. चहा संपवला.

"राहू दिलं तर नाही चालणार?" मी विचारलं.

"नाही चालणार. दुसऱ्यांचं नाटक यायचंय." मग म्हणाले, "उद्या तुम्हीच काढा. पोरांना लावू नका."

कपबशी विसळून ओट्यावर पालथी घातली, आपल्याच घरी असल्यासारखी, आणि बरकतपुऱ्याची बस पकडायला निघून गेले.

पहाटे ते गेले. झोपेतच. मी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन पोचलो तर पोरं मंचाच्या पायऱ्यांवर रडत बसलेली. फिजिक्सचा पोरगा उठून आला. "चाचा, ये नक्को तोडो. सर का फोटो इधरीच रखते, हार डालते."

"नक्को. उनको चलता नै था," मी म्हणालो आणि सगळ्यांना बरकतपुऱ्याला सरांच्या घरी पाठवून दिलं.

मग हॉलचं दार लावून घेतलं. पकड कुठे घालणार? पटाशीने प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड कोरलं, डोकं मोकळं केलं, मग ओढलं. मांडणीच्या फळ्या फाटल्या. ओटा काढला. खिडकी काढली. दार शेवटी. ते उघडलं तेव्हा आवाज आला नाही. आवाज टेपमध्ये होता.

फळ्या भिंतीला लावल्या. मंच झाडला. सरांची कपबशी कॅन्टीनला परत केली आणि मग मीही बरकतपुऱ्याला गेलो.