श्रावणीचा उजवा हात

कोल्हापूरहून रत्नागिरीची एसटी सुटली तेव्हाच माझा पहिला संशय जागा झाला. मुलींची विभागीय शालेय बेसबॉल स्पर्धा यंदा रत्नागिरीलाच का? आमच्या पोरी पोटात ढवळत घाट उतरणार आणि तिथल्या पोरी घरचा भात खाऊन ताज्यातवान्या मैदानात येणार. शेजारी बसलेल्या संघाच्या सरांना मी हे बोलून दाखवलं. गेल्या वर्षी स्पर्धा कोल्हापुरातच होती, एवढंच सांगून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

माझी मुलगी श्रावणी या संघातली सगळ्यात भरवशाची बॅटर. इथून राज्याच्या स्पर्धेसाठी मुली निवडणार होते आणि निवड समितीची माणसं सामना बघायला येणार होती. तिला खेळायचं होतं. मला ती निवडली जायला हवी होती. गल्लीत तर मी तिची निवड झाल्यासारखंच सांगून ठेवलं होतं.

आंबा घाट उतरला तसा हवेतला कोरडेपणा गेला आणि मानेला शर्ट चिकटायला लागला. साखरप्यानंतर रस्त्याच्या कडेला भाताची कापलेली शेतं दिसत होती. हातखंब्याच्या पुढे कातळ (जांभ्या दगडाचा उघडा माळ) लागला, त्यावर वाळकं सोनेरी गवत. श्रावणी म्हणाली, "पप्पा, किती छान." छान होतंच. पण पडलं तर गुडघे सोलून निघतील, असं मला वाटून गेलं.

उतरायची सोय मांडवीला एका लॉजवर होती. रिक्षावाल्याने समुद्राकाठचा रस्ता दाखवतो म्हणून लांबून नेलं अशी माझी खात्री आहे. संध्याकाळी काळसर वाळूवर यजमान संघाच्या मुली आल्या आणि आमच्या मुलींबरोबर चेंडू झेलत बसल्या. त्यातली मानसी मयेकर म्हणजे त्यांची पिचर, चेंडू फेकणारी. बाप बोटीवर नोकरीला, म्हणून आजोबा तिला सोडायला आलेले. पांढरा लेंगा, डोक्याला टोपी, बोलणं मऊ. "कधी पोचलाव? जेवलाव काय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि श्रावणीला बाजूला घेऊन बजावलं, उगाच गप्पांत आपला खेळ त्यांना दाखवू नकोस. रात्री त्यांच्या घरून संघासाठी डबा आला. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी होती. आधी मी दोन घास खाऊन पाहिले, मग मुलींना वाढायला सांगितलं. आमटी इतकी चांगली होती की माझं पोट भरेपर्यंत संशय टिकला नाही.

सकाळी घात झाला. लॉजच्या ओल्या पायरीवरून श्रावणीचा पाय सटकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट सुजलं. मी बर्फ मागवला, पट्टी बांधली, वरून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालायला लावला. "सरांना बोलू नकोस. कुणालाच नको," मी म्हटलं. एकदा बाहेर बसवली की निवड गेली, हे तिलाही कळत होतं. तिने बाही पट्टीवर ओढून घेतली.

मुली सरांबरोबर पुढे गेल्या होत्या; मी मागून मैदानावर पोचलो तर यजमानांचं गाऱ्हाणं (काम सुरू करताना देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी) चाललेलं. मयेकर आजोबा हातात नारळ धरून भैरीदेवाला हाक मारत होते, भोवतीची माणसं दर वाक्याला "होय महाराजा" म्हणत होती. मी कौतुकाने जवळ गेलो आणि जागच्या जागी थिजलो. "...ती कोल्हापूरची श्रावणी, तिचा उजवा हात..." पुढचं आजोबा खाली मान घालून पुटपुटले. मग एकदम "होय महाराजा" आणि नारळ फुटला.

कोकणातल्या देवस्कीच्या, म्हणजे देवाकरवी दुसऱ्याचं वाईट करवण्याच्या, गोष्टी आमच्याकडे लहानपणापासून ऐकायला मिळतात. त्यांवर माझा विश्वास नाही, पण माझ्या मुलीच्या दुखऱ्या हाताची खबर यांच्यापर्यंत पोचली होती हे तर खरं. बर्फ आणणारा लॉजवाला फितूर झाला, दुसरं कोण? आता ती पिचर त्याच हातावर नेम धरणार.

मानसीने नेम धरला नाही. तिने श्रावणीला टाकलेले चारही चेंडू इतके बाहेर होते की बॅट उचलायचीच गरज पडली नाही. चार चेंडू असे गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. दुसऱ्या खेपेलाही तेच. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हिला मारूच द्यायचं नाही, म्हणजे निवड समितीला काही दिसणारच नाही. केवढं कपट!

मी कुंपणाशी जाऊन ओरडायला लागलो. रडीचा डाव, घाबरट पोरगी, पंच तुमच्या घरचे, जे तोंडाला येईल ते. पंचांनी मला ताकीद दिली. सरांनी हात धरून मागे ओढलं. श्रावणीने एकदाच माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मला ती घाबरली आहे असं वाटलं.

तिसऱ्या खेपेला मानसीने डोळे पुसले आणि चेंडू सरळ मधोमध टाकला. श्रावणीने बॅट फिरवली. चेंडू लागला, बॅट हातातून सुटली आणि ती मनगट पोटाशी धरून खाली बसली. सगळ्यांत आधी तिच्यापर्यंत पोचली ती मानसी.

सरांनी बाही वर केली, पट्टी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात हाडाला चीर निघाली. प्लास्टर झालं, निवड गेली.

दवाखान्याच्या बाकावर मयेकर आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. "सकाळी तुमच्या पोरीने आमच्या मानसीला सांगितलान, हात दुखतोय, पण खेळायला लागणार. मानसी माझ्याकडे आली. म्हणाली, आजोबा, तिच्यासाठी पण गाऱ्हाणा घाला, तिचा हात सांभाळ म्हणून." मग ते म्हणाले, "आणि चेंडू लांब टाकत होती तो तिचा स्वतःचा विचार. तुम्ही घाबरट बोललाव, म्हणून मग सरळ टाकलान."

त्यांनी रुमालातून खोबऱ्याचा तुकडा काढून श्रावणीच्या डाव्या हातावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत घाट चढताना मी तरीही म्हणालो, "त्या मानसीने निदान पंचांना तरी सांगायला हवं होतं." जित्याची खोड, दुसरं काय. श्रावणीने दरीकडून तोंड वळवलं.

"पप्पा, मानसीला माहीत होतं, तिच्या आजोबांना माहीत होतं, देवाला पण सांगून झालं होतं," ती म्हणाली. "मला 'खेळ' म्हणणारे तुम्ही एकटेच होता."

मलकापूर आलं. तिने उरलेलं खोबरं माझ्यापुढे धरलं, ते मी खाल्लं.

घरी दार उघडताच बायकोने प्लास्टर पाहिलं आणि विचारलं, हे कुणामुळे झालं? प्रवासभर माझ्याकडे या प्रश्नाला नावांचा तोटा नव्हता. रिक्षावाला होता, लॉजवाला होता, पंच होते, देवसुद्धा होता.

"माझ्यामुळे," मी म्हणालो, आणि श्रावणीच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली.