उरलेलं पाणी

बालाजीराव दर दुसऱ्या सोमवारी तमिळ मुलखातल्या आमच्या ओरगडमच्या ऑफिसात यायचे. तंजावरकडचे मराठी, साठी उलटलेले, कोवलमजवळ त्यांची नर्सरी. ऑफिसांना कुंड्या भाड्याने द्यायच्या, एसीत दमलेल्या परत न्यायच्या, ताज्या ठेवायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. आमच्याकडे त्यांनी स्नेक प्लांट आणि झीझी ठेवले होते. तीन-तीन आठवडे पाणी मिळालं नाही तरी ही झाडं तक्रार करत नाहीत.

ते पानाकडे बघायचेच नाहीत. बुडाशी हात घालून कुंडी जराशी उचलायचे. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर पुढची. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पान लटकं सांगतं, मा. तोट्टी सांगत नाही." तोट्टी म्हणजे कुंडी, आणि 'मा' ते सगळ्याच बायकांना म्हणायचे. वहीबिही काही नाही. कुठल्या कुंडीला कधी पाणी दिलं ते सगळं डोक्यात, आणि त्या डोक्याचा त्यांना भारी अभिमान.

आता माझं सांगते. मी ऋजुता, औशाची. आमच्या नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. पेल्यात उरलेला घोट फेकला की आईचा धपाटा ठरलेला. आणि इथे प्रत्येक मीटिंगनंतर टेबलावर तीसेक बाटल्या, दोन-दोन घोट प्यायलेल्या! बाहेर टँकरसाठी बायका भांडतायत आणि हे पाणी सिंकमध्ये. माझा जीव तुटायचा. रोज संध्याकाळी मी त्या बाटल्या कुंड्यांत रिकाम्या करायला लागले. 'पाणी घालू नये' अशी पाटी प्रत्येक कुंडीला होती. पण ती पाणी घालणाऱ्यांसाठी, मी तर उरलेलं संपवत होते. केवढी शहाणी मी!

मे महिन्यात पानं पिवळी पडून बुडापासून कोलमडायला लागली. मला दया आली, मी आणखी बाटल्या ओतल्या. बालाजीरावांनी वीस कुंड्या बदलल्या. त्याही गेल्या. त्यांनी सफाईवाल्या बायकांना विचारलं, सिक्युरिटीला विचारलं, शेवटी मला. "कोण तण्णी घालतं काय, मा, मी नसताना?"

"छे! पाणी कोण घालणार? तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

जूनमध्ये आमचे ॲडमिन मॅनेजर शेषाद्री त्यांना सगळ्यांदेखत बोलले. न मरणारी झाडं म्हणून आणलीत आणि तीच मारलीत. बालाजीरावांनी तिथेच एक झाड उपसलं. काळं पाणी फरशीवर पसरलं, मुळांचा नुसता लगदा, कुजका वास. ते उकिडवे बसून बघत राहिले.

"तोट्टी जड लागत होती," ते हळूच मला म्हणाले. "मी घातलं नाही असं वाटत होतं. पण कोणीच घातलं नाही म्हणता, तर मीच घातलं. आणि मला आठवत नाही." मग अगदी खालच्या आवाजात, "माझे अण्णा असेच विसरायला लागले होते. शेवटी स्वतःच्या बायकोला ओळखेनात."

मला त्या क्षणी कळलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र शेषाद्रींच्या सहीने यायचं होतं. मी फरशी पुसायला कागद आणून दिले. दुसऱ्या दिवशी आमचं काम त्यांच्याकडून गेलं. त्यांच्याकडे इतर ऑफिसं आहेत, असं मी मनाला समजावत राहिले.

पत्र ऑगस्टमध्ये आलं. त्याच आठवड्यात रिसेप्शनवरच्या सहानाने सांगितलं, बालाजीरावांनी सगळीच ऑफिसं सोडली, नर्सरीही देऊन टाकली. मी रविवारची पहिली बस पकडून कोवलम गाठलं.

दार त्यांच्या बायकोने, तुळजाबाईंनी उघडलं. त्या कुजबुजल्या, "घराबाहेर निघत नाहीत. गॅस बंद केला काय म्हणून दहादा विचारतात. डॉक्टर म्हणतो काही नाही, त्याचं ऐकत नाहीत."

बालाजीराव खिडकीशी बसले होते. मांडीवर वही होती. सकाळची गोळी, कॉफी, दूधवाला, सगळं वेळेसह लिहिलेलं. घरात एकही झाड नव्हतं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाटल्या, रोजची संध्याकाळ, पत्र. "पाणी मी घालत होते, बालाजीराव. तुमचं डोकं ठणठणीत आहे. तुम्ही काही विसरला नव्हतात." बोलता बोलता मी रडायला लागले.

मग त्यांनी वही उघडली. एकेक पान मागे उलटत, बोट फिरवत काहीतरी शोधायला लागले. जूनपर्यंत मागे गेले.

"सापडत नाही," ते म्हणाले. माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं काय, मा? मी विसरलो?"