न दुखणारा पाय

दवाखाना चालवणाऱ्या बाईंनी उदबत्ती पेटवली, कुंडीत खोचली आणि ती कुंडी पायाने ढकलत ढकलत माझ्या आईच्या शेजारी आणली. आईकडे बघितलंसुद्धा नाही. आत वळून म्हणाल्या, "आता बरं वाटेल. मघापासून बसवत नव्हतं."

आईला दमा. दम्यासाठीच आम्ही तिथे गेलो होतो. धूर नाकात गेला तशी ती खोकायला लागली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. पण कुंडी तिने बाजूला केली नाही. दुसऱ्याची वस्तू कशी हलवायची? पदर नाकाला लावून बसून राहिली.

त्या सकाळी ती दोनदा आंघोळ करून निघाली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. लग्नाला निघाल्यासारखी. आमच्या बायका, विधवासुद्धा, डॉक्टरकडे अशाच जातात. चार माणसांत जायचं म्हणून. त्या बाईंना गजरा दिसला नाही. मासळीचा वास तेवढा आला.

मीरा रोडला एका नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये हा दवाखाना आठवड्यातून एकदा भरायचा. गोरगरिबांसाठी. नव्वदच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. सोसायटीतली माणसं आत, पंख्याखाली, खुर्च्यांवर. आम्ही चौकच्या बायका बाहेर, स्कूटरी लावतात तिथे, बाकावर. तसा बोर्ड नव्हता. पण कुणाला सांगावंही लागत नव्हतं.

चौक म्हणजे उत्तनच्या पुढचं आमचं गाव, समुद्राला लागून. वडील गेल्यावर आई मासळी खारवायचं काम करायची. टाकीत एक थर मासळीचा, एक थर मिठाचा. खाली सांडलेल्या खाऱ्या पाण्यात दिवसभर अनवाणी उभं राहायचं. घरी आल्यावर चुलीचा धूर. विहिरीचं पाणी मचूळ. आमच्या आळीत एकच आजार असलेलं म्हातारं माणूस शोधून सापडलं नसतं. शुगर होती त्याला बीपी होतं, बीपी होतं त्याचे गुडघे गेले होते. आईला शुगर, बीपी आणि दमा. शिवाय उजव्या तळपायाला एक जखम. गावात डॉक्टर नव्हता.

दवाखान्याचा एक नियम होता. बाई दारात उभ्या राहून ओरडून सांगायच्या, "एका वेळी एकच तक्रार! बाकीचं पुढच्या वेळी!" गर्दी असायची, खरं आहे. पण मग आमचं बसमध्ये काय चालायचं? आज कुठला आजार सांगायचा, ते ठरवायचं. सगळ्या बायका तेच करायच्या. "मी आज गुडघं सांगते, तू काय सांगतेस?"

त्या दिवशी मी म्हटलं, "आये, आज पाय दाखवू."

"पाय दुखतोय कुठं? दुखत न्हाय ते कशाला सांगायचं? दमच सांग. दमानं पाटी उचलवत न्हाय."

ती जखम घेऊन ती खाऱ्या पाण्यात उभी राहायची. मीठ झोंबायला हवं होतं. शेजारच्या बायकांना नुसता नखाएवढा चिरा गेला तरी त्या ओरडायच्या. आईला काही वाटायचं नाही. ती त्याचा तोरा मिरवायची, "माझा पाय मिठात मुरलाय." शुगरने पायाची जाणीव मरते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

नंबर आला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आईचं बीपी तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ बंद करायला सांगितलं होतं. केलंत?"

"केलं ना साहेब. भातात न्हाय, कालवणात न्हाय. बरणीच माळ्यावर ठेवलीय."

केवढ्या अभिमानाने बोलली. अळणी भात खाताना तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, मी रोज बघत होते.

"मग जेवता काय?"

"पावसात काय मिळणार? खारं. खारवलेली मासळी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. आत बसलेल्या बाईंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंत का? मीठ बंद, आणि रोज खारवलेली मासळी!"

सगळा हॉल हसला. मग ते म्हणाले, "तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग नाही."

आणि आई पण हसली. कशाला हसतात ते तिला कळलं नव्हतं. सगळे हसतायत म्हणून हसली, तोंडावर हात ठेवून. ते हसू मी आजही विसरलेले नाही. आमच्या घरात मीठ म्हणजे बरणीतलं. खारं म्हणजे मासळी. इतके महिने ती गोळ्या घ्यायला येत होती, त्यात आधी एकदा तरी कुणी विचारायला नको, बाई, तू खातेस काय?

मी म्हटलं, "डॉक्टर, हिच्या पायाला जखम आहे."

"एकच तक्रार. पुढच्या वेळी."

परतीच्या बसमध्ये आईने विचारलं, "ती माणसं हसली कशाला गो?" मी सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. गजरा काढून मुठीत धरला.

त्यानंतर ती दवाखान्यात आलीच नाही. मी हातापाया पडले. "तू जा. मला न्हाय यायचं." पाऊस सरता सरता पाय काळा पडला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तो गुडघ्याखाली कापला. तिथली नर्स म्हणाली, "इतके दिवस झोपला होता का?" आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गोळ्यांसाठी मात्र परत त्याच हॉलमध्ये जावं लागलं. आई कुबडीवर. आळीतल्या बायका पुढे निघून गेल्या, आम्ही मागे राहिलो. बाकावर बसलो न बसलो तोच कुंडी सरकत आली. उदबत्ती पेटलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उदबत्ती उपटली आणि फरशीवर चिरडून विझवली.

"हिला दमा आहे," मी म्हणाले.

आईला धरून मी सरळ आत नेलं, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि तिचा राहिलेला पाय उचलून टेबलावर ठेवला. टाचेला नवा फोड आला होता. तोही दुखत नव्हता.

"हा पाय बघा. मग शुगर, मग बीपी, मग दमा. आणि ही काय खाते, ते विचारा."

"एका वेळी एकच—"

"सगळं बघा. त्याशिवाय आम्ही उठणार नाही."

आई हळूच म्हणाली, "चल गो, जाऊ दे." मी हलले नाही. मागे वळून बघितलं. आमच्या आळीच्या बायका दारात होत्या. एकही पुढे आली नाही. सगळ्यांच्या माना खाली.

डॉक्टरांनी पाय बघितला. फोड साफ केला, पट्टी बांधली. तो पाय वाचला. पण परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसलं नाही. "तुझ्यामुळं दवाखाना बंद झाला तर?" एवढंच एकीने ऐकवलं. आळीत आमच्याकडे येणं-जाणं तुटलं. आईसुद्धा माझ्याशी धड बोलेना. मी तिला चारचौघांत उघडं पाडलं, असं तिला वाटायचं. मरेपर्यंत तिने ते मनातून काढलं नाही. मला फार एकटं वाटलं. अजून वाटतं.

आता शुगर मला आहे. बीपीसुद्धा. मीही दवाखान्यात जाते, एकटीच, ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून. बाहेरच्या बाकावर बसत नाही. डॉक्टरसमोर बसले की पहिल्यांदा चपला काढते आणि दोन्ही तळवे वर करून दाखवते. दुखत नाही ते आधी सांगते. मग बाकीचं सगळं. कुणी घड्याळ बघो, कुणी नाक मुरडो. सगळं सांगून होईपर्यंत मी उठत नाही.